विहिरीत कल्चर ओता आणि एकवीस दिवस थांबा म्हणे!

मुरूमखोद्या (धागाकर्ता)

'हिरवा अंगार' यांचा 'जिवाणू करतील विहीर शुद्ध' हा लेख परवापासून फिरतोय. वाचला नसेल त्यांच्यासाठी सार: विहीर एमआयडीसीने नासवलेली असो, साखर कारखान्याने असो की पेट्रोलपंपाच्या गळक्या टाकीने, पाच लिटर जिवाणूंचं कल्चर ओता, एकवीस दिवस उपसा बंद ठेवा, पाणी पिण्यालायक. पुरावा काय, तर आनंद चक्रवर्ती. 'एका भारतीयाने तेल खाणारा जिवाणू पन्नास वर्षांपूर्वीच बनवला होता, पण परदेशी कंपन्यांनी तो दाबून टाकला.' खाली बदामांचा पाऊस आणि 'कुठे मिळेल, नंबर पाठवा'ची रांग.

मी हसून सोडून देणार होतो. पण काल ओळखीच्या एका शेतकऱ्याचा फोन आला, "साहेब, विहिरीला पाच लिटर, तर दोनशे फुटी बोअरला किती?" मग मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

चक्रवर्तींचं आधी. त्यांचा जिवाणू कुणी दाबला नाही. ते जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरीला होते, पेटंटचा अर्ज १९७२ साली तिथूनच गेला, आणि तो मिळवण्यासाठी प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं गेलं. जून १९८० मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: माणसाने घडवलेल्या सजीवावर पेटंट घेता येतं. निकाल जगभर गाजला. जिवाणू मात्र समुद्रावर कधी गेलाच नाही, कारण चंबूत पोसलेल्या पैलवानाने बाहेरच्या मातीत, तिथल्या हजारो जुन्या रहिवाशांशी झुंजून टिकायचं हे वेगळंच प्रकरण आहे. शिवाय असा घडवलेला जीव मोकळा सोडायची परवानगी कोण पटकन देणार?

मार्च १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन व्हॅल्डीझ ही तेलाची बोट फुटली तेव्हा किनाऱ्यावर काय टाकलं माहीत आहे? खत. तेल खाणारे जिवाणू त्या गोट्यांत आधीपासून होतेच. समोर तेलाचं ताट, पण नत्र-स्फुरद नाही म्हणून काम अडलेलं. ते दिलं, काम पुढे सरकलं. पुढच्या वर्षी बाजारातली दोन तयार जिवाणू-उत्पादनं तिथेच पट्टे पाडून तपासली, त्यांनी काही विशेष दिवे लावले नाहीत. आणि एवढं करूनही २००१ साली किनारे खणले तेव्हा गोट्यांखाली, हवा पोचत नव्हती तिथे, तेल निघालंच.

आता आपलं घर. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टवर बसलाय. वर माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. पाणी राहतं मुरमात आणि पाषाणाच्या फटींत. एकमेकींपासून चाळीस फुटांवरच्या दोन बोअर मी पाहिल्यात, एकीला तीन इंची पाणी आणि दुसरीत नुसता धुरळा. वाळूच्या थरात नळ्या ठोकून काही सोडलं तर ते कुठवर जाईल याचा अंदाज तरी बांधता येतो. इथे विहिरीत ओतलेलं एक तर विहिरीत राहतं, नाही तर एखाद्या फटीतून शेजारच्याच्या बोअरला जाऊन भांडण लावतं. ज्या घाणीवर ते पोचायला हवं, ती मधल्या मुरमात निवांत बसलेली असते.

क्षारांचं तर विचारूच नका. टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) २२०० च्या पाण्यातलं क्लोराइड खाणारा जिवाणू ब्रह्मदेवानेही बनवलेला नाही. धातूही खाऊन संपत नाही, फार तर रूप बदलतो.

मला जिवाणूंचं वावडं नाही. पाच लिटरच्या कॅनचं आहे.

---

हिरवा अंगार

माझ्या लेखाला एवढी प्रसिद्धी दिल्याबद्दल आभार. टीका करण्यापूर्वी लेख पूर्ण वाचायची पद्धत असते. 'पिण्यालायक'च्या पुढे मी 'तपासणी करूनच' असं स्पष्ट लिहिलंय.

मी कल्चर विकत नाही. माझ्या मामांच्या विहिरीत गोठ्याचं आणि उकिरड्याचं पाणी झिरपून इतका वास यायचा की मोटर चालू केली की नाकाला रुमाल. आम्ही कल्चर टाकलं, दर आठ दिवसांनी जीवामृत सोडलं, अठरा दिवसांत वास गेला. आजही मामा तेच पाणी पितात, वय वर्षे ७८. तुमचे आलेख त्यांना दाखवा.

आणि टेरीच्या ऑइलझॅपरबद्दल मौन का? आपल्याच देशातल्या संस्थेने जिवाणूंचा संच तयार केला, आसाम आणि गुजरातच्या तेलक्षेत्रांत तेलकट गाळ त्याने साफ झाला. ओएनजीसी काय खुळी आहे? की भारतीयाने केलेलं काहीच पचत नाही?

---

एक ना धड

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीनेही सेप्टिक टँकसाठी अशीच जादूची पावडर आणली होती. 'पुन्हा कधी उपसावं लागणार नाही.' तीन महिन्यांनी टाकी भरली, पावडरीचा डबा अजून अर्धा आहे. सेक्रेटरी तोच आहे.

महापालिकांच्या तोंडी तर 'बायोरेमेडिएशन' हा शब्द आला की पाकीट सांभाळावं. देवनारला १८५ लाख टन जुना कचरा, काम दोन हजार कोटींच्या वरचं. शब्द ऐकून वाटतं जिवाणूंची फौज उतरणार. प्रत्यक्षात कचऱ्यावर फवारा, मग पोकलेन, मग भलीमोठी चाळण. चाळणीला चाळण म्हणायला काय होतं?

---

मुरूमखोद्या

@हिरवा अंगार, 'तपासणी करूनच' ही ओळ काल रात्री घातलीत. माझ्याकडे परवाचा लेख जपून ठेवलाय. असो.

ऑइलझॅपर खरा आहे, चांगला आहे, मौन वगैरे काही नाही. पण तो वापरतात कसा? तेलकट गाळ उचलून जमिनीवर थर देऊन पसरतात. जिवाणू आणि त्यांचं खत मिसळतात, पाणी मारतात, वरचेवर नांगरून हवा देतात. अक्षरशः शेती आहे ती, काही महिन्यांची. ऐंशी फुटांवरचा पाषाण कोणत्या नांगराने नांगरणार?

मामांच्या विहिरीत गोठ्याचं पाणी होतं. शेण-मूत्र म्हणजे जिवाणूंचं जेवणच. गोठ्याची गळती बंद केली असेल तर काही न टाकताही वास गेला असता. केली होती का बंद?

---

हिरवा अंगार

गोठा त्याच महिन्यात हलवला होता. पण त्याचा याच्याशी संबंध नाही.

---

एक ना धड

🙏

---

विहीरवाली

मी इथे फारसं लिहीत नाही. पण विहिरीचा विषय निघाला म्हणून.

आमची विहीर सासऱ्यांनी बहात्तरच्या दुष्काळात खोदली. पन्नास फूट, वरून दगडी बांधकाम. अख्ख्या वस्तीने उन्हाळ्यात तिचं पाणी नेलंय. ओढ्याच्या वरच्या अंगाला कारखान्याची डिस्टिलरी झाली आणि तिचं कंपोस्टचं यार्ड. दहा वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यात यार्डाचा बांध फुटला, मळीचं पाणी ओढ्याला आलं, मासे पालथे पडले. तेव्हापासून विहीर गेली ती गेलीच. उपसताना पाणी पिवळसर पण निवळ दिसतं, हंड्यात तासभर ठेवलं की वर तांबूस साय धरते. कुजक्या अंड्यासारखा वास. भात पिवळा होतो. म्हैस नाक लावते आणि मान फिरवते.

तक्रारी झाल्या, बाटल्या भरून नेल्या, पुढे काय झालं कुणी सांगितलं नाही. मग कारखान्याच्याच एका माणसाने ग्रामपंचायतीला सुचवलं म्हणून कल्चरचे दोन ड्रम आणले, फोटो काढून विहिरीत ओतले. पंधरा दिवस वास खरंच कमी झाला, मी खोटं बोलणार नाही. महिन्याभरात पहिल्यासारखं. त्या फोटोच्या जोरावर आता 'उपाययोजना केली आहे' असं उत्तर मिळतं.

धाकट्या दिराला बघायला पाहुणे आले तेव्हा त्यांना आम्ही विकतच्या जारचं पाणी दिलं. त्यांच्यातल्या एका बाईने विचारलं, घरची विहीर असून जार? पुढे बोलणं वाढलंच नाही. जिवाणूंचं मला कळत नाही, एवढंच विचारायचं होतं: आमच्या विहिरीत नक्की झालंय तरी काय?

---

कारखान्याचा_माजी

ताई, तुमच्याबद्दल सहानुभूती आहे, पण एक चूक दुरुस्त करतो. 'मळीचं पाणी' असं काही नसतं. मळी म्हणजे मोलॅसिस. साखर काढून उरलेला दाट पाक. तिला भाव आहे, टँकरने विकली जाते, कोण वेडा ओढ्यात सोडेल? तुमच्याकडे आला तो स्पेंटवॉश. मळी आंबवून अल्कोहोल काढल्यावर उरणारं पाणी. मी एकतीस वर्षं कारखान्यात केमिस्ट होतो. वर्तमानपत्रवाल्यांनी 'मळीमिश्रित पाणी' लिहून लिहून साखर धंद्याची बदनामी केली आहे.

---

रंकाळ्याचा वारा

काका, आमच्या कोल्हापुरात मळी म्हणजे प्रेसमड, उसाचा रस गाळून उरलेला गाळ. ट्रॉलीनं आणून रानात टाकतो ती. आज्ज्याच्या काळापासून. मोलॅसिसला मळी कोण म्हणतंय?

---

कारखान्याचा_माजी

उत्पादन शुल्क खात्याचे कागद बघा. मळी नियंत्रण, मळी वाहतूक, मळी परवाना. तिथे प्रेसमडला परवाना लागतो का?

---

रंकाळ्याचा वारा

आमी कागदावर शेती करत न्हाई. शेतात मळी टाकली म्हणजे प्रेसमड टाकलं, हे शेंबडं पोर सांगेल. तुमचा मोलॅसिस रानात टाकला तर मुंग्या वारूळ बांधतील.

---

एक ना धड

बाईंच्या विहिरीला वास येतोय आणि इथे वासाचं बारसं चाललंय.

---

कारखान्याचा_माजी

शब्द नेमका नसेल तर उपायही नेमका होत नाही. एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो. आम्ही तो आधी बायोगॅसच्या डायजेस्टरमध्ये घालतो, तिथे जिवाणूच काम करतात, बीओडी (सेंद्रिय घाण कुजायला लागणारा प्राणवायू, म्हणजे घाणीचं माप) ऐंशी टक्क्यांच्या वर उतरतो. उरलेला प्रेसमडवर फवारून कंपोस्ट. हल्ली तर तो आटवून बॉयलरमध्ये जाळतात, थेंब बाहेर सोडायला परवानगी नाही. कारखाने नसते तर या भागात काय पिकलं असतं? शाळा, दवाखाने, रस्ते कुणी केले? बांध फुटला ती नैसर्गिक आपत्ती. ढगफुटीला केमिस्ट काय करणार?

---

विहीरवाली

ढगफुटी नव्हती काका. त्या रात्री आमच्या अंगणातली चादर दोरीवरच राहिली होती, सकाळी नुसती दमट होती. बांध कसा फुटला ते वस्तीतल्या प्रत्येकाला माहीत आहे.

---

कारखान्याचा_माजी

म्हणजे मुद्दाम फोडला असा आरोप करताय का? पुरावा आहे?

---

मुरूमखोद्या

माजी, जरा दमानं. त्यांनी प्रश्न विचारलाय, त्याचं उत्तर कुणी देतंय का?

ताई, तुमचं वर्णन वाचून मला जे वाटतं ते सांगतो, पाणी न बघता, म्हणून हातचं राखून. तुमच्या विहिरीत जिवाणू कमी नाहीत. उपाशी तर मुळीच नाहीत. ते गुदमरलेत.

स्पेंटवॉश (घ्या, लिहिला बरोबर शब्द) सेंद्रिय मालाने ठासून भरलेला असतो. तो मुरमात उतरला की तिथले मूळचे जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि पहिल्या झटक्यात पाण्यातला प्राणवायू संपवतात. मग ते नायट्रेटवर श्वास घेतात. ते संपलं की खडकातल्या मॅंगनीज आणि लोखंडाच्या गंजावर, आणि पुढे सल्फेटवर. गंजातलं लोखंड विरघळून पाण्यात येतं, ते पाणी उपसताना निवळ दिसतं आणि हंड्यात हवा लागली की पुन्हा गंज होऊन तांबूस साय धरतं. सल्फेटचा होतो तो कुजक्या अंड्याचा वास. स्पेंटवॉशमध्ये सल्फेटही भरपूर असतं, त्यामुळे त्या बाजूने तोटा नाही. पिवळा रंग मेलॅनॉइडिनचा असावा, साखर-प्रथिनं तापून बनलेलं ते रंगद्रव्य पचवणं जिवाणूंना जड जातं. डायजेस्टरमधून बाहेर पडल्यावरही स्पेंटवॉश काळाच असतो, माजींना विचारा.

म्हणजे जेवणावळीला पाहुणे झेपेनात आणि तुम्हाला सांगितलं की आणखी पाहुणे बोलवा. पंधरा दिवस वास का कमी झाला, तर ड्रम ओततानाची घुसळण, थोडी हवा, कदाचित नव्या पाहुण्यांनी वरवरचं थोडं खाल्लंही असेल. एवढं श्रेय देतो. मुरमातून नवा माल येतच राहिला.

आणि कृपा करून विहिरीत जीवामृत ओतू नका. दोनशे लिटरला दहा किलो शेण, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन. रानाला ठीक असेल. गुदमरलेल्या विहिरीला गूळ-बेसन म्हणजे तापलेल्या माणसाला गोधडी.

---

नाना_न्यूजर्सी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मुरूमखोद्या, तुमचं बरचसं बरोबर, पण 'बाटलीतले जिवाणू निरुपयोगी' असं सरसकट ठोकू नका. माझं पोट गेली सोळा वर्षं याच धंद्यावर चाललंय.

इथे गल्लोगल्ली जुनी ड्रायक्लीनिंगची दुकानं. त्यांचं पर्क्लोरोइथिलीन (कपड्यांचे डाग काढायचं सॉल्व्हंट, रेणूत क्लोरीनचे चार अणू) जमिनीत मुरलेलं. माझ्या एका साइटवर आम्ही तुमच्याच तत्त्वज्ञानाने गेलो: जिवाणू आहेतच, त्यांना खाऊ द्या. वनस्पती तेलाचं दुधासारखं मिश्रण सोडलं. क्लोरीनचे अणू एकेक करून सुटायला लागले, चाराचे तीन, तिनाचे दोन. आणि दोनावर गाडी अडली. दोन वर्षं. मालक रोज फोन करायचा. त्या पुढची पायरी व्हिनाइल क्लोराइड, ते तर मूळ विषापेक्षा घातक, तिथे अडकलं असतं तर आमची धडगत नव्हती. शेवटी डेहॅलोकोकॉइडिस नावाच्या जिवाणूंची जात असलेलं कल्चर आणून सोडलं, आणि दीड वर्षात निरुपद्रवी इथिलीनपर्यंत पोचलो. त्या मातीत ती जातच नव्हती. खाऊ कुणाला घालत होतो आम्ही?

गंमत म्हणजे हे पूर्ण काम करणारी ही जात पहिल्यांदा वेगळी केली कॉर्नेलवाल्यांनी, १९९७ साली जाहीर केली, आणि मिळाली कुठून तर इथाका गावाच्या सांडपाण्याच्या गाळातून.

---

हिरवा अंगार

धन्यवाद नाना! हेच मी म्हणत होतो. आता मुरूमखोद्या काय म्हणतात पाहू.

---

मुरूमखोद्या

नाना, मान्य. क्लोरीनवाल्या सॉल्व्हंटसाठी माझं वाक्य चुकलं, मागे घेतो. हिरवा अंगार, पेढे वाटायच्या आधी नानांना विचारा, ते कल्चर कशातून येतं.

---

नाना_न्यूजर्सी

स्टीलच्या बंद टाकीतून, वर नायट्रोजनचा दाब. हवा लागली की मरतं. ओतताना झाकण उघडून वास घ्यायची सोय नाही. प्लास्टिकच्या कॅनमध्ये, कृषी सेवा केंद्राच्या उन्हातल्या फळीवर... नाही हो, तसलं काही नाही. आणि ते फक्त तेवढंच खातं. मुरूमखोद्यांच्या क्लोराइडला हातही लावणार नाही.

जाता जाता ताईंसाठी एक विचित्र गोष्ट. क्रोमियम-६ (क्रोमियम धातूचं विषारी, पाण्यात विरघळणारं रूप) किंवा हे सॉल्व्हंट असलेल्या भूजलात जिवाणूंना खाऊ म्हणून इथे चक्क मोलॅसिस सोडतात. मळी. पाण्यात कालवून, नळ्यांतून. मुद्दाम पाणी गुदमरवायचं, म्हणजे क्रोमियम-६ चं क्रोमियम-३ होतं आणि ते मातीला चिकटून बसतं.

---

कारखान्याचा_माजी

वाचा! अमेरिकेत औषध म्हणून जमिनीत मळी सोडतात आणि आमच्याकडे तीच प्रदूषण. शिवाय नानांनीही मळी शब्द मोलॅसिससाठीच वापरला आहे, रंकाळेकरांनी नोंद घ्यावी.

---

रंकाळ्याचा वारा

नाना पंचवीस वर्षं गावाबाहेर हाईत, त्यांची साक्ष चालायची न्हाई.

---

विहीरवाली

आमच्या विहिरीत क्रोमियम नव्हतं काका. गोड पाणी होतं.

---

नाना_न्यूजर्सी

माजी, माझं वाक्य असं वापरू नका. तिथे आधी जीवघेणं विष असतं, मोजून, परवानगीने, चारी बाजूंनी निरीक्षण-विहिरी खोदून सोडतात. आणि तरी डोकेदुखी होतेच. कॅलिफोर्नियातलं हिंक्ली घ्या. गॅस पाइपलाइनच्या स्टेशनने १९५२ ते १९६६ क्रोमियम-६ चं पाणी उघड्या खड्ड्यांत सोडलं. आज तिथे भूजलात इथेनॉल सोडून जिवाणूंकरवी क्रोमियम बसवतात, पण गुदमरलेल्या पाण्यात मॅंगनीज विरघळून वर येतं म्हणून त्याच्यावर वेगळी नजर ठेवावी लागते. मला आवडलेला भाग दुसराच: तिथलं क्रोमियमवालं पाणी उपसून लसूणघासाच्या शेतांना देतात. मुळांजवळच्या मातीतले जिवाणू क्रोमियम-६ चं ३ करतात. पंप, घास, माती, बस. चौदा वर्षांच्या घाणीला अजून किती दशकं पुरणार, ते मोजत बसलेत.

---

मुरूमखोद्या

हेच मिनेसोटातल्या बेमिजीला. १९७९ साली कच्च्या तेलाची पाइपलाइन फुटली, भरता आलं तेवढं तेल भरून नेलं, उरलेलं तिथेच ठेवून शास्त्रज्ञ १९८३ पासून नुसते बघत बसलेत की निसर्ग काय करतो. जिवाणू खातात, नक्की खातात, पण चाळीस वर्षांनंतरही तेल आहे. आणि लोखंडाच्या गंजावर श्वास घेता घेता त्यांनी त्या गंजाला धरून बसलेलं आर्सेनिकही मोकळं केलं. बंगालच्या नळकूपांत आर्सेनिक येतं त्यामागेही हाच खेळ. 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' असं लेखात ठळक अक्षरांत लिहिणाऱ्यांनी हे वाचावं.

---

हिरवा अंगार

तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे. उपाय सांगा ना. वातानुकूलित खोलीत बसून लोकांच्या आशेवर पाणी ओतणं सोपं असतं.

---

मुरूमखोद्या

बावीस वर्षं दोरीला लटकून विहिरी मोजतोय, मांडीवर टाक्यांची खूण आहे. वातानुकूलित म्हणे. तुमच्या लेखामुळे लोक एकवीस दिवस थांबून ते पाणी पोरांना पाजतील, त्याची जबाबदारी तुमची 'आशा' घेणार का?

---

संपादक

वैयक्तिक शेरे थांबवा. मळी शब्दावर वेगळा धागा काढता येईल, इथे पुरे.

---

काळा_कोट

ताईंच्या 'पुढे काय झालं कुणी सांगितलं नाही' यावर कुणीच बोललं नाही. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एच-ॲसिडच्या (रंग बनवायला लागणारं रसायन) कारखान्यांनी गाळ उघड्यावर टाकला, पावसाने तो मुरवला, विहिरींचं पाणी लालसर काळं झालं. तपासणी आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने केली. १३ फेब्रुवारी १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, घाण करणाऱ्याने स्वच्छतेचा खर्च द्यायचा. रक्कम ठरली ३७ कोटी ३८ लाख ५० हजार. कंपन्या अर्जावर अर्ज करत राहिल्या. जुलै २०११ मध्ये न्यायालयाने पुन्हा ठणकावलं, १९९७ पासून बारा टक्के चक्रवाढ व्याजासह भरा. निकाल कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात आहे. विहिरींचं पाणी मात्र निकाल वाचत नाही.

तरी कागद हवाच. पंचायतीच्या फोटोला उत्तर म्हणून तुमच्याकडे तारीखवार नमुन्यांचा अहवाल हवा. 'उपाययोजना केली' म्हणजे नेमकं काय, कोणतं कल्चर, किती, आधीचे-नंतरचे आकडे, हे माहिती अधिकारात मागा.

---

एक ना धड

भोपाळच्या वायुगळतीवाल्या कारखान्यातला ३३७ टन कचरा चाळीस वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला हलला. खालची माती आणि पाणी तिथेच. ताईंनी अर्ज आजच टाकावा, नातवंडांना उपयोगी पडेल.

---

मुरूमखोद्या

@विहीरवाली, काळा कोट म्हणतात ते कराच. माझ्याकडून जे होईल ते: रविवारी मी त्या बाजूला आहे, येऊन जातो. वस्तीतल्या विहिरी-बोअरची पातळी मोजली तर पाणी यार्डाकडून येतंय की कसं ते कळेल. यार्ड अजून झिरपत असेल तर जगातला कुठलाही जिवाणू कामाचा नाही, आधी ते बंद. बंद झालं असेल तर सतत उपसा, पाण्याला हवा, आणि दोन-चार पावसाळे. लोखंड आणि वास बरेच उतरतील असं वाटतं. रंग आणि क्षार सगळ्यात शेवटी. पिण्यासाठी म्हणाल तर मी शब्द देत नाही.

हिरवा अंगार, तुम्हीही या. कॅन घरी ठेवून.

---

हिरवा अंगार

रविवारी मामांकडे कार्यक्रम आहे. लेखात 'साखर कारखाना' हा शब्द होता तो काढला आहे. 'पेट्रोलपंप' राहील.

---

विहीरवाली

या भाऊ. जेवायलाच या. फक्त टँकर शनिवारी येतो आणि रविवारपर्यंत पुरेलच असं नाही. पाहुण्याला सांगायला जीव होत नाही, पण येताना प्यायचं पाणी घरून आणा.

---

कारखान्याचा_माजी

मीही येतो. कंपोस्ट यार्डाच्या उताराकडे निरीक्षणाच्या नळ्या असाव्या लागतात. त्या कुठे पुरतात आणि कशाखाली झाकतात ते मला ठाऊक आहे. पाणी मी पाच लिटर आणतो.

आणि तो स्पेंटवॉशच.